लेबलवाले आजोबा आणि दोन कडुलिंब

माझ्या दूरदेशीच्या नातवंडांनो, परवा फोनवर तुम्ही हसत विचारलंत, "आजी, तू पाठवलेल्या टॉवेलच्या लेबलवर कंपनीने माफी का मागितली आहे?" ती माफी नाही. ते लेबल ज्यांनी लिहिलं ते तुमच्या आजोबांचे मित्र. सुट्टीत आलात की तुम्ही त्यांना 'लेबलवाले आजोबा' म्हणायचात, मी भावजी म्हणायची. गेल्या हिवाळ्यात ते गेले, तेव्हा मी तुम्हाला एका ओळीत कळवलं होतं. एका ओळीत मावणारा माणूस नव्हता तो. म्हणून आज कामं आवरून, चष्मा पुसून, नीट लिहायला बसले आहे.

सोलापुरात खोटं न बोलणारी माणसं शोधली तर सापडतील, पण विशेषणाला घाबरणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच होता. लोकांना विंचवाची भीती वाटते, भावजींना 'पर्यावरणपूरक' या शब्दाची वाटायची. तो दिसला की ते आधी दोन पावलं मागे सरायचे आणि मग चष्मा कपाळावर चढवून त्याच्या अंगावर जायचे. एका लग्नात दारातच फलक होता, 'पर्यावरणपूरक विवाहसोहळा'. फटाके नव्हते आणि अक्षतांबरोबर तुळशीचं रोप मिळत होतं, एवढ्यावरून तो लावलेला. भावजी रोप हातात घेऊन मांडवामागे गेले, धूर ओकणाऱ्या जनरेटरपाशी उभे राहिले आणि नवऱ्या मुलीच्या मामाला म्हणाले, "मामा, ह्येला बी एक रोप द्या की, लई खोकतंय." मामांनी त्यांना जेवायच्या पंगतीत सर्वांत शेवटी बसवलं. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. जिलबी संपली होती, त्याचं वाटलं.

वैराग या आपल्या गावाकडचं बोलणं त्यांनी कधी सोडलं नाही, आणि हरण्याचा आनंदही कधी लपवला नाही. कोपऱ्यावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणाऱ्या मावशींनी पुड्यावर 'शंभर टक्के नैसर्गिक' छापून घेतलं, तेव्हा भावजी तिथे अर्धा तास वाद घालत उभे होते. शेवटी मावशी म्हणाल्या, "काका, शेंगा काय चिंचोळीच्या कारखान्यात पिकत्यात व्हय?" भावजींनी दोन पुडे घेतले आणि ते आठवडाभर ज्याला त्याला ही हार सांगत फिरले. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मात्र त्यांचा फार जीव. मी प्रत्येक डब्यावर नाव लिहिते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते चहा घेता घेता मांडणीकडे बघत म्हणायचे, "वैनी, लेबल असं पायजे. हळद म्हंजे हळद. सोनेरी संस्काराची हळद असं कुटं न्हाय."

अशा माणसाला नोकरी कोणती असावी? चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ते लेबलं, खोकी आणि माहितीपत्रकं बघायचे. मालक त्यांचे शाळेपासूनचे दोस्त, म्हणून निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी त्यांची खुर्ची तिथेच होती. बायको आधीच गेलेली, लेक हैदराबादला. दुसरीकडे जायला जागा होती, पण कामावर जायला दुसरी जागा नव्हती. नळाला काही दिवसांनी एकदा पाणी येतं, त्या दिवशीसुद्धा, जेव्हा सगळं सोलापूर हंडे आणि पिंपं घेऊन नळापाशी असतं, तेव्हा ते शेजाऱ्याला नळ सोपवून कारखान्याची बस पकडायचे.

मग मालकांची मुलगी पुण्याहून शिकून परत आली आणि कारखान्याचं विक्रीचं काम बघू लागली. हुशार मुलगी, भावजींना लहानपणापासून काका म्हणणारी. परदेशी व्यापाऱ्यासाठी तिने नवा टॉवेल काढला आणि त्याचं लेबल पुण्याच्या एका जाहिरात कंपनीकडून करून घेतलं. मी इंग्रजी तपासावं म्हणून ती आणि भावजी आमच्या ओसरीवर आले. लेबलवर एक हिरवं पान होतं आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'पृथ्वीवर प्रेम करणारा टॉवेल'. व्याकरण अगदी बिनचूक होतं.

"ह्ये पान कशाचं हाय?" भावजींनी विचारलं.

"कशाचं म्हणजे? पान आहे, काका. सगळेच छापतात."

"आपल्या आवारात दोन कडुलिंब हायेत. त्येंचं न्हाय ह्ये. मग कुणाचं चोरलं?"

"यात खोटं काय आहे ते सांगा."

"खोटं काय बी न्हाय. तेच तर. हिरवं पान बघून बाई घरी टॉवेल नेणार, तिला वाटणार आपण झाड लावलं. आपण तर रंगाचं पाणी सोडतोय."

त्यावर मुलीने जे सांगितलं, ते मी अजून विसरलेले नाही. "काका, आपण निम्मं पाणी साफ करतो. पलीकडचा कारखाना थेंबभरही करत नाही आणि लेबलवर अख्खं जंगल छापतो. आपण गप्प बसलो तर माल त्याचा जाईल, आपल्या कामगार बायका घरी बसतील आणि पाणी साफ करणारा प्लँटही बंद पडेल. तुमचं खरेपण कुणाच्या उपयोगाचं?"

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी बशीकडे पाहिलं. दोघांचंही बरोबर होतं, आणि माझ्या इंग्रजीत त्यावर तोडगा नव्हता. ते चहा अर्धा टाकून उठले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मालकांनी भावजींना सांगून टाकलं, सोमवारपर्यंत लेबल ठरवा, नाहीतर पुण्याचंच जाईल, "आणि तू आता घरी आराम कर." सोमवारी मलाही कारखान्यात बोलावणं आलं. पुण्याच्या कंपनीचा तरुण माणूस नवं माहितीपत्रक घेऊन आला होता. त्यात लिहिलं होतं की आमच्या प्लँटमधून झऱ्यासारखं निर्मळ पाणी बाहेर पडतं. बाहेरून आलेल्याला आधी पाणी द्यायचं, ही आपल्याकडची रीत. भावजी स्वतः ट्रेमध्ये काचेचा पेला घेऊन आले. पाहुणा उन्हातून आलेला, त्याने पेला उचलला.

"थांबा," भावजी म्हणाले. "आपल्या प्लँटचं हाय. झऱ्यासारखं."

पाण्याला किंचित पिवळसर झाक होती. पाहुण्याने पेला अलगद खाली ठेवला.

"नको?"

"तहान नाहीये."

"आत्ता होती की."

मालक ताडकन उठले. "दारी आलेल्या माणसाची अशी थट्टा करतोस? उद्यापासून येऊ नकोस तू." भावजींनी मान हलवली, ट्रे टेबलावर ठेवला आणि खिशातला पेन काढून त्याच्या शेजारी ठेवला. तो पेन कारखान्याचा होता. मला तेव्हा हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

तेवढ्यात मालकांची मुलगी उठली. पेला घेऊन बाहेर गेली, आवारातल्या कडुलिंबाच्या मुळाशी ते पाणी ओतलं आणि रिकामा पेला घेऊन परत आली. "काका, रोज माळी हेच घालतो. झाडं हिरवी आहेत. एवढं तरी लिहाल?"

"किती झाडांना?"

"दोन."

"मग लिव्हू की," भावजी म्हणाले, आणि पेन परत घेतला. मालक खुर्चीत बसले आणि स्वतःशीच त्यांच्या घरच्या तेलुगूत काहीतरी पुटपुटले. त्याचा अर्थ मी विचारला नाही. पाहुण्याला साधं पाणी मिळालं.

ते लेबल आम्ही तिघांनी दुपारभर बसून लिहिलं. मी चार ठिकाणी शब्द सुचवले, चारही विशेषणं निघाली, चारही गेली. मुलीने पान मागितलं. भावजींनी कडुलिंबाची डहाळी आणून दिली आणि चित्रकाराला तीच काढायला लावली. परदेशातल्या एका व्यापाऱ्याने लेबल दोनदा वाचलं म्हणे, आणि माल घेतला. दुसऱ्याने घेतला नाही. भावजींनी दोन्ही बातम्या मला एकाच आवाजात सांगितल्या आणि वर म्हणाले, "पोरगी म्हणाली त्ये बी खोटं न्हवतं, वैनी. गप बसून झाड जगत न्हाय."

शेवटपर्यंत ते कामावर जात होते. ते गेल्यावर गल्लीच्या तोंडाशी त्यांचा मोठा फ्लेक्स लागला, 'थोर पर्यावरणप्रेमी', आणि खाली हात जोडलेल्या पंचवीस जणांचे फोटो. प्लास्टिकच्या त्या फडफडणाऱ्या कापडाखाली मी आणि मालकांची मुलगी उभ्या होतो. ती म्हणाली, "काकांनी 'थोर' खोडलं असतं." मी म्हटलं, "दोन्ही शब्द खोडले असते." मग आम्ही दोघी रस्त्यातच हसलो, आणि तिने पदराने डोळे पुसले. आता स्वयंपाकघरात नवीन डबा आला की मी नाव लिहिते आणि उगाच मांडणीसमोरच्या खुर्चीकडे बघते.

तर तुमच्या टॉवेलवर जे इंग्रजीत आहे, त्याचं मराठी असं: 'हा टॉवेल रंगवायला पुष्कळ पाणी लागलं. त्यातलं काही आम्ही साफ करून पुन्हा वापरतो आणि थोडं आमच्या दोन कडुलिंबांना घालतो. सगळं पाणी साफ करणं आम्हाला अजून जमलेलं नाही.'

या उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्याने त्यातला एक कडुलिंब पडला. मुलीने माळ्याला मुळं उकरून दाखवायला लावली आणि आपल्या पाण्याने नव्हे, वाऱ्यानेच पडला याची खात्री करून घेतली. मग छापखान्याला फोन केला. तुमच्याकडचं लेबल जुनं आहे. नव्यावर 'एका कडुलिंबाला' असं आहे, आणि तो अजून उभा आहे.