साडेतीनशे वॉट

माझ्या वहिनीला घाबरता येतं हे मला त्या दुपारपर्यंत माहीतच नव्हतं. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा मी शाळेत होते, आता मला चष्मा लागलाय. एवढ्या वर्षांत तिच्या चेहऱ्यावरची रेष कधी हलली नव्हती. त्या दुपारी तिची बोबडी वळलेली पाहिली.

वहिनी वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात होती. विजेची मागणी वाढली आणि पुरवठा कमी पडला, की कुठल्या भागाची वीज बंद करायची हे तिथल्या खुर्चीतून ठरतं. समोर भिंतभर पडदा, त्यावर आकडे, सगळे मेगावॉटमध्ये. एक मेगावॉट म्हणजे दहा लाख वॉट. त्याच्या अर्ध्याहून कमी असेल ते पडद्यावर शून्य दिसायचं आणि तिथली माणसं ते शून्यच धरायची. "पाच काढ", "आठ टाक" अशी त्यांची भाषा. घरीसुद्धा ती तशीच बोलायची. मी पंखा चालू ठेवून गेले तर आई माझ्यावर ओरडायची आणि वहिनी म्हणायची, "जाऊ द्या हो आई, पंखा म्हणजे काय? दर्या में खसखस." आम्ही तिला मागून मेगावॉट म्हणायचो. पुढून म्हणायची कुणाची छाती नव्हती.

ती निवृत्त झाली आणि लगेच दादाच्या फुप्फुसांचं दुखणं सुरू झालं. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. पलंगाशेजारी ठेवलेलं, दिवसरात्र घरघरणारं. नळी नाकातून निघाली की थोड्याच वेळात दादाचे ओठ निळे पडायला लागायचे. वीज गेली तर मशीन चालावं म्हणून इन्व्हर्टर घेतला, आणि त्याचा हिशेब अर्थातच वहिनीने केला. घरात तिच्याइतकं वीज कळणारं होतं कोण?

तिने हिशेबात मशीन धरलं. पंखा? शून्य. दुसरा पंखा? शून्य. टीव्ही, दिवे, फ्रिज? शून्य, शून्य, शून्य. एकेक वस्तू वेगवेगळी घेऊन तिने पुसून टाकली, आणि सगळं इन्व्हर्टरवरच ठेवलं. थेंबे थेंबे तळे साचे हे शाळेतल्या पोराला कळतं. माझ्या वहिनीला कळलं नाही, कारण तिच्या खुर्चीतून थेंब कधी दिसलेच नव्हते.

त्या दुपारी वीज गेली. वहिनी निवांत होती. "संध्याकाळपर्यंत काळजी नाही," म्हणाली आणि भाजी निवडत बसली. दादा टीव्ही बघत होता. जेमतेम तास झाला असेल, इन्व्हर्टर टीं टीं करून ओरडला आणि टीव्ही, पंखा, मशीन, सगळं एकदम गप्प झालं.

मशीनची घरघर थांबली की घर किती शांत होतं, ते मी कुणाला सांगू नये आणि कुणी ऐकू नये. अडीअडचणीसाठी ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर नेमका भरायला दिलेला. दादाने आमच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडून श्वास ओढायला लागला.

"असं कसं? असं होणारच नाही!" वहिनी इन्व्हर्टरवर हात आपटत होती.

"वहिनी, अगं रुग्णवाहिका!"

मी रुग्णवाहिकेला फोन लावला. पोचायला वेळ लागेल म्हणाले. वहिनीने स्वतःच्या फोनवरून नियंत्रण कक्ष लावला. तिच्या हाताखाली शिकलेला ऑपरेटर ड्यूटीवर होता. फोन स्पीकरवर होता म्हणून मी सगळं ऐकलं.

"मॅडम, बोला! तुमच्याकडचे फक्त दोन काढलेत. येतील संध्याकाळी."

"मला साडेतीनशे पाहिजेत रे. आत्ता."

"साडेतीनशे? अहो मॅडम, निम्मं शहर बंद करावं लागेल!"

"वॉट रे! साडेतीनशे वॉट! ह्यांचं मशीन बंद पडलंय!"

तो म्हणाला, "मॅडम, इथून वॉट दिसत नाहीत. तुम्हाला तर माहितीये."

माहीत होतं ना! तिनेच शिकवलं होतं त्याला. वहिनी रडायला लागली. ती रडतेय हे त्याला कळलं, तसा तो गडबडला. "थांबा, थांबा. तुमचे दोन टाकतो परत," म्हणाला. पंखा फिरला. मशीन घरघरलं. मी दादाच्या छातीवर हात ठेवून बसले, आणि हळूहळू त्याच्या ओठांचा रंग परतला. रुग्णवाहिकेवाले आले, तपासून गेले, सिलिंडरही ठेवून गेले.

मला वाटलं, सुटलो. मी चहा टाकला. वहिनी मात्र मोबाइलवर भागाकार करत होती.

"दोन मेगावॉट म्हणजे वीस लाख वॉट," ती म्हणाली. "एका मशीनला साडेतीनशे. म्हणजे साडेपाच हजारांच्या वर मशीनं गं. दोनमध्ये! मी चाळीस-चाळीस काढलेत. जेवता जेवता काढलेत."

"प्रत्येक घरात मशीन नसतं, वहिनी."

"आपल्या घरात होतं."

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. एकाएकी तिने फोन उचलला आणि पुन्हा त्याच ऑपरेटरला लावला.

"आमचे दोन टाकलेस. मग कुणाचे काढलेस?"

"सोडा ना, मॅडम. साहेब कसे आहेत?"

"कुणाचे काढलेस?"

त्याने भागाचं नाव सांगितलं. आमच्या गच्चीवरून त्या इमारती दिसतात. वहिनीच्या हातात फोन तसाच राहिला. ती पलंगाकडे बघत होती. दादाला झोप लागली होती, नळीतून वारा जात होता, छाती वरखाली होत होती. पलीकडून तो "हॅलो, मॅडम, हॅलो" करत होता. तिने तोंड उघडलं. मला वाटलं, आता ही आमची वीज काढायला सांगते.

तिने फोन बंद केला.

चहा उतू गेला, कुणी उठलं नाही. ती म्हणाली, "तिकडे कुणाकडे नसेल ना गं मशीन?"

"नसेल," मी म्हटलं.

"तुला काय माहीत?"

मला काहीच माहीत नव्हतं.