प्रागहून रिकामी गाडी

अल्विन टॅप्सेल बावीस वर्षं एका वाद्यवृंदाचा ट्रक चालवत होता. वादक विमानानं पुढे जायचे, आणि त्यांची वाद्यं घेऊन हा इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फोकस्टनहून निघायचा. तीन आठवडे, अकरा शहरं. वाद्यं उतरवली की रंगमंचाच्या कडेला खुर्ची टाकायची, चीजचं सँडविच खात ऐकत बसायचं आणि टाळ्या विरायच्या आत रिकाम्या पेट्या उघडून उभं राहायचं. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. गावातल्या वृद्धाश्रमात आई होती. तिला हा ओळखू यायचा नाही, पण रविवारचं कस्टर्ड मात्र ती याच्याच हातून खायची.

ब्रिटननं युरोपीय संघात राहायचं की नाही, यावर मतदान झालं तेव्हा अल्विननं बाहेर पडायच्या बाजूनं मत दिलं. परदेशी गाड्यांनी स्वस्तात माल वाहून त्याच्या केंट परगण्यातली वाहतुकीची भाडी पाडली होती, त्याचा राग मनात होता. आपल्या पेट्यांचा आणि त्या मताचा काही संबंध असेल, असं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

ब्रिटन बाहेर पडलं आणि पुढे ब्रिटिश ट्रकांना नवा नियम आला. इकडून माल पोचवला की पलीकडे आणखी दोनदाच माल हलवायचा आणि मुकाट घरी यायचं. हॅम्बुर्ग, लाइपझिग, प्राग. खेळ संपला. पुढच्या आठ शहरांसाठी त्याच्या वाहतूक कंपनीनं हॉलंडची गाडी ठरवली.

प्रागला ती गाडी घेऊन योस्ट नावाचा तरुण ड्रायव्हर आला. पेट्या त्याच्या ताब्यात देताना, माणसाहून उंच व्हायोलिनसारख्या वाद्याच्या पेटीवर हात ठेवून अल्विन म्हणाला, "हा तिसरा बास आडवा ठेवू नकोस हं."

"का? काय होतं?"

"मान दुखते त्याची."

योस्ट हसला, पण पेटी त्यानं उभीच बांधली.

तो बास हेस्टरचा होता. अल्विन लागला त्याच वर्षी तीही वाद्यवृंदात आली होती. पेट्या परक्या गाडीत चढताना बघून ती तावातावानं म्हणाली, "ज्यांनी ही मतं दिली ना, त्यांच्या डोक्यावर द्यायला हव्यात या पेट्या! चला म्हणावं बुडापेस्टपर्यंत पायी. हो की नाही रे अल्विन?"

अल्विन खाली बघून पट्टा गुंडाळत राहिला.

परत येताना फ्रान्सच्या किनाऱ्यावर कॅलेच्या नाक्यावर अधिकाऱ्यानं विचारलं, "आत काय आहे?"

"काही नाही."

"एवढ्या लांबून काही नाही घेऊन आलात?"

दार उघडलं. आत वाद्यांभोवती गुंडाळायच्या घोंगड्या होत्या, नीट घड्या घातलेल्या.

त्यानंतर कंपनीनं आपलं बस्तान आयर्लंडला हलवलं, तो देश अजून संघातच होता. "तिकडे राहायला ये, तिकडचं लायसन्स काढ," असं त्यालाही सांगितलं. आईला सोडून कुठं जाणार? तो नाही म्हणाला. मग दुसरीकडे कोठारातून बंदरापर्यंत डबाबंद माल नेण्याचं काम मिळालं. बंदरावर ट्रेलर सोडायचा आणि मागे वळायचं. त्या हिवाळ्यात आई गेली. जुन्या कंपनीला फोन केला, तर जागा भरली होती.

वसंतात वाद्यवृंदाचा लंडनला कार्यक्रम होता. अल्विननं तिकीट काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरून ऐकलं. मध्यंतरात हेस्टर बाहेर आली, तर हा दिसला.

"अरे! होतास कुठे? तुझ्या जागी आलेला बरा आहे, पण गाडीतच बसून राहतो. ऐकत नाही रे तो."

"हेस्टर, मी बाहेर पडायच्या बाजूनं मत दिलं होतं."

"मग हे आत्ता का सांगतोस?"

"आई होती तोवर तिला सांगायचो. तिला कळत नसे, म्हणून बरं वाटायचं."

हेस्टरनं त्याचा दंड घट्ट धरला. बोलणार होती काहीतरी, तेवढ्यात घंटा झाली आणि तिला आत पळावं लागलं.

उत्तरार्धात तो सहाही बास ऐकू पाहत होता. कडेला बसल्यावर ते छातीत घुमायचे. इथून सगळं एकात एक मिसळत होतं, हेस्टरचा कुठला ते काही केल्या उमगेना. कार्यक्रम संपल्यावर लोक उठून उभे राहिले. तोही उठला, इतरांबरोबर टाळ्या वाजवल्या आणि कोट हातात घेऊन स्टेशनच्या वाटेला लागला.