तिसरा पुकारा

"थांबव! ए डायवर, थांबव म्हंतो ना! पोराचं म्हावरं ऱ्हायलं!"

हातखंब्याच्या तिठ्यावर अण्णा मुंबईच्या बसमागे धावत होते. खांद्यावर सुक्या बांगड्यांचं बोचकं. बस तर थांबलीच. समोरून येणारे दोन ट्रक थांबले, टपरीवर उतू जाणारा चहा जागच्या जागी थांबला, आणि पालीच्या बाजूला रवंथ करणाऱ्या म्हशींनी म्हणे तोंडं मिटली. म्हशींचं मी स्वतः पाहिलेलं नाही, पण ज्यांनी माझ्या वडिलांचा आवाज ऐकलाय ते शंका घेणार नाहीत. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणं हा अण्णांचा धंदा. ते ओरडायला लागले की खोल समुद्रातले ट्रॉलर घाईने परत फिरत.

"काका, एसी गाडी आहे. वास मारेल," ड्रायव्हर म्हणाला.

"मारू दे की! मुंबैपर्यंत लोकांना भूक तरी लागेल."

बोचकं माझ्या मांडीवर आलं. बसची खिडकी उघडणारी नव्हती, म्हणून अण्णा बाहेरून काचेला तोंड लावून ओरडले, आणि पुढच्या सीटवरच्या बाई दचकून जाग्या झाल्या: "दिप्या, तिकडं अमेरिकेत मोठ्यानं बोल! हळू बोलणाऱ्याचा माल पडून ऱ्हातो!"

मिरकरवाड्यात मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे बोचकं घेऊन निघालेल्यांनो, पुढचं तुम्हाला सांगायला हवं. मी अमेरिकेत नेमकं काय करतो, हे गावात अजून कोणाला नीट कळलेलं नाही. कोणी म्हणतं चर्चमध्ये आहे, कोणी म्हणतं देवळात. आमच्या शेजारच्या फातिमाचाचींनी तर "आमचा दीपक तिकडं मशिदीचं बघतो" असं सांगून चार घरांत माझा भाव वाढवून ठेवलाय. गंमत म्हणजे सगळेच बरोबर आहेत.

शिकायला आलो त्याच कॉलेजात नोकरीला चिकटलो. कॉलेजात एक ऑफिस आहे, सर्व धर्मांच्या मुलांच्या आत्मिक जीवनासाठी. तिथे माणसं चार. प्रमुख रेव्हरंड मार्गारेट, ज्या मिठी मारण्याआधी परवानगी विचारतात. रब्बी एली, ज्यांच्या दाढीत गेल्या वर्षी हरवलेली पेन्सिल यंदा सापडली. इमाम इद्रिस, सेनेगलच्या किनाऱ्यावरचे, माडासारखे उंच, दारातून येताना सवयीने वाकणारे. आणि मी, व्यवस्थापक. हिंदू मुलांसाठी पाचवा माणूस नेमायचा आहे. जाहिरात निघते, माणूस येत नाही. तोवर दिवाळीला मुलं माझ्याकडे बघतात, आणि मी अर्ध्या आरतीवर वेळ मारून नेतो.

प्रार्थनेची खोली एकच. सकाळी ध्यानवाल्यांच्या गाद्या, शुक्रवारी दुपारी नमाजाचे गालिचे, संध्याकाळी ज्यू मुलांच्या शब्बाथच्या मेणबत्त्या, रविवारी क्रूस आणि गाण्याची पुस्तकं. सगळं भिंतीतल्या कपाटांत असतं. हे काढायचं, ते ठेवायचं, हे माझं काम. सगळ्या देवांचा मी एकटा हमाल. नियम मात्र कडक: एकाचं झालं की खोली अशी रिकामी करायची, की आधी इथे कोणी आलंच नव्हतं असं पुढच्याला वाटावं. उदबत्ती नाही, कारण वास राहतो. ज्योत नाही, कारण छताला आगीची घंटा. शब्बाथच्या मेणबत्त्या आणि देवापुढचे दिवेसुद्धा बॅटरीचे. मी रात्री स्वप्नात सेल बदलतो.

आणि इथे कोणी मोठ्याने बोलत नाही. रेव्हरंड मार्गारेट इतकं हळू बोलतात, की मी पहिले सहा महिने नुसती मान हलवून पगार घेतला. हळूहळू माझाही आवाज त्यांच्यासारखा झाला. अण्णांना फोन केला की ते म्हणायचे, "दिप्या, फोनला काय झालंय? तुजं कायच ऐकू येत नाय." फोन ठणठणीत होता.

अण्णा गेले ते कळलं तेव्हा मी गालिचे घालत होतो. शुक्रवार होता. आई म्हणाली, "अण्णा गेले रे. झोपेतच. उद्या सकाळी नेणार."

मी म्हणालो, "बरं."

पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेला. तो हातात असता तरी विमानाला लागणारा वेळ आणि सकाळ यांचा मेळ बसत नव्हता. हे सगळं मी फोन ठेवायच्या आत मनात मांडून पाहिलं आणि उरलेले गालिचे घालायला घेतले. मला काही झालं नाही. खोटं सांगत नाही. बाकी बरंच सांगतो, हे नाही. दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तसा मी अख्खा होतो.

इमाम इद्रिस आले, वाकून आत शिरले आणि थांबले. मक्केची दिशा दाखवणारी पट्टी मी स्वतः जमिनीला चिकटवलेली आहे. त्या दिवशी माझे सगळे गालिचे तिच्याकडे पाठ करून व्यायामशाळेकडे बघत होते. इमामांनी एकेक गालिचा स्वतः फिरवला. मग माझ्याजवळ येऊन विचारलं, "दीपक, घरी कोण गेलं?"

त्या दिवसापासून आईचा रोज फोन. पूर्वी ती "जेवलास?" विचारायची, आता "रडलास?" विचारायला लागली. त्याच सुरात.

"नाय."

"रडून घे रे बाबा. आत ऱ्हायलं की बाधतं."

"बघतो," मी म्हणायचो, जसं काही बाजारातून आणायचं राहिलंय. दहावं झालं, तेरावं झालं. आईचं रोजचं विचारणं थांबेना. तिला एक कर्ता माणूस गेल्याचं दुःख होतंच. वर दुसऱ्याची काळजी. मी तिला नुसतं 'हो, रडलो' म्हणून टाकू शकलो असतो. थापा मारण्यात मी बंदरावर नावाजलेला. पण ही थाप तोंडातून निघेना.

इकडे ऑफिसने ठरवलं की दीपकच्या वडिलांसाठी आपण प्रार्थनेला बसायचं. चार गाद्या, मध्ये चार बॅटरीचे दिवे. मांडणी मीच केली, दुसरं कोण करणार?

"तुमच्या परंपरेत काय करतात?" रेव्हरंड मार्गारेटनी विचारलं.

"भटजी सांगतात, आम्ही करतो."

"मग भटजी काय म्हणतात?"

"ते कोणालाच कळत नाही."

तिघांनी गंभीरपणे माना हलवल्या. आणि मग सुरू झाली शांतता. या तिघांचा जन्म प्रार्थना करण्यात गेलेला, पण आपला धर्म दीपकवर लादला जाऊ नये म्हणून कोणी तोंड उघडेना. रब्बींनी श्वास घेतला आणि त्याचा खोकला केला. रेव्हरंड मार्गारेटनी इमामांकडे पाहिलं, 'आधी तुम्ही'. इमामांनी रब्बींकडे पाहिलं. असे ते बसले, की माझ्या हिशेबाने बाहेर एक ऋतू बदलला असेल. खिडकीबाहेर बर्फ पडत होता. मिरकरवाड्यात जेवढा बर्फ वर्षभरात मासळीवर फोडतात, तेवढा इथे नुसता एका पार्किंगवर.

तो बर्फ बघता बघता माझं तोंड उघडलं.

"या या या! सुरमई बगा, सुरमई! रातची नाय, आत्ताची! डोळा बगा, कल्ला बगा! कोण बोलतंय? मागचे भाऊ, नुसतं बगू नका, बोला!"

आवाज माझा नव्हता. मी तो इतक्या वर्षांत वापरलाच नव्हता. छताला लावलेली आगीची घंटा थरथरली. कॉरिडॉरमधला सखोल ध्यानाचा फलक खाली पडला, असं नंतर मी लोकांना सांगितलं. मी अण्णांसारखा हात उंच करून सगळं पुकारलं. पाटीतली मासळी, तिचं वजन, गिऱ्हाइकांची टर, मधेच बर्फवाल्या पोराला शिवी. रेव्हरंड मार्गारेटनी डोळे मिटले, हात जोडले. रब्बी पुढेमागे डुलायला लागले.

"एक वार!"

"आमेन," रब्बी म्हणाले.

"दोन वार!"

"आमेन," आता दोघं.

इमाम इद्रिस मात्र डुलत नव्हते. ते माझ्या वर केलेल्या हाताकडे बघत होते, आणि त्यांचं बोट हळूच, गिऱ्हाइकाचं उठतं तसं, वर आलं. किनाऱ्यावरचा माणूस.

आता तिसरा पुकारा. तो होईपर्यंत माल आपला, बर्फात ठेवायचा; एकदा झाला की गेला. मग पुकारणाऱ्यालासुद्धा पाटीला हात लावता येत नाही. अण्णांनी हे कोणासाठी कधी मोडलं नाही. मी तोंड उघडलं. तीन आला नाही. हात तसाच वर. मी सगळ्यांना सांगतो की तेवढ्यात योगाच्या क्लबवाल्यांनी दार वाजवलं. खरं तर ते बऱ्याच वेळाने आले.

मी हात खाली घेतला. इमामांनी बोट खाली घेतलं.

"फार सुंदर प्रार्थना," रेव्हरंड मार्गारेट पुटपुटल्या आणि मिठीची परवानगी मागितली. मी दिली. मिठी झाली. त्यांचा कोट अंगाला लागला, बाकी काही जाणवलं नाही. मग गाद्या कपाटात, दिवे बंद, सेल काढून डब्यात. खोली रिकामी केली. दारातून वळून पाहिलं तर खरंच तिथे कोणी आलेलं नव्हतं. तुमच्याकडे बंदर कितीही धुतलं तरी कोण येऊन गेलं ते नाकाला कळतं. मी घर म्हणतो ते आता बहुतेक तेवढंच.

इमाम माझ्याबरोबर पार्किंगपर्यंत आले. "मासळी मोठी होती?" त्यांनी विचारलं.

"खूप," मी म्हणालो.

रात्रीपर्यंत थांबून, तिकडे आईची सकाळ झाल्यावर फोन लावला.

"रडलास?"

"नाय. पण अण्णांचा लिलाव पुकारला. प्रार्थनेच्या खोलीत. मोठ्यानं."

आईच्या मागे बंदरावरची गडबड ऐकू येत होती.

"तीन म्हणालास?"

"नाय."

"मग ठेव बर्फात," आई म्हणाली.