भिंतीपलीकडचं माहेर

आधी चहा ओता, मग सांगतो. कोरड्या तोंडानं सांगण्यासारखं नाही ते. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. पण मी तो धोंडा शेजाऱ्याच्या घरी जाऊन, गोड बोलून, स्वतःच्या हातानं उचलून आणला. आणि वर नेमही मीच धरला!

मी तेव्हा दुबईत होतो. एसी दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात मी बसायचो आणि समोरच्या टेबलावर मारिसेल बसायची. ती फिलिपिन्सची. आता समोरासमोर टेबलं म्हटल्यावर पुढचं मी कशाला सांगू? जमलं आमचं.

माझ्या खोलीत मेहकरचा एक मित्र राहायचा. त्याला कळलं तेव्हा त्यानं मला मिठीच मारली.

"नशीब काढलं बे तू! बायको रुसली तं जाईन कोठी? माहेर समुद्रापल्याड! सासऱ्याची कटकट नाही, मानपान नाही, काही नाही. आमच्याकडं पाय, दर सणाले गाडी काढा न् सासुरवाडीले पळा!"

मला पटलं ते. प्रेम होतंच हो, खोटं कशाला बोलू? पण ही सोय डोक्यात नव्हती असंही नाही.

फाल्गुनात तिला घेऊन मी आमच्या गावी, पिंपळगाव राजाला आलो. आईला, नानांना भेटवायचं, शेगावला महाराजांचं दर्शन घ्यायचं आणि पंधरवड्यात परत फिरायचं, असा बेत. आम्ही दारात पाय ठेवला आणि देश बंद झाला! विमानं बंद, एसटी बंद, शेगावचे लॉज बंद. परदेशातून आलेले म्हणून गावानं आम्हाला जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं. ती पहिलीच्या वर्गात, मी चौथीच्या. तोंडाला रुमाल बांधून अर्धं गाव कंपाउंडबाहेरून आम्हाला बघून गेलं.

शाळेतून सुटलो, तर आई दारात आडवी.

"तू ये. तिची सोय दुसरीकडं पाय."

"आई, अगं सून आहे तुझी!"

"होईन तवा होईन. लग्नाआधी एका छपराखाली राह्यली तं लोक मले जगू देतीन का?"

आता कोरोनाच्या त्या दिवसांत, परदेशातून आलेल्या मुलीला कोण घरात घेणार? लोक सख्ख्या भावाला ओट्यावर बसू देत नव्हते. फक्त एका घरातून हाक आली. शांताकाकू भिंतीवरून म्हणाल्या, "राहू दे आमच्याकडं. लेकरू जाईन कोठी?"

इथं एक अडचण होती. शांताकाकूंचे यजमान म्हणजे दामूकाका, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. त्यांचं आणि नानांचं बोलणं माझ्या शाळेच्या दिवसांपासून बंद. कारण? शेवगा! झाड दामूकाकांच्या अंगणात, फांदी आमच्या अंगणात. नाना म्हणत, आमच्या हवेत आल्या त्या शेंगा आमच्या. काका म्हणत, बुडखा कोणाचा? त्या फांदीवरून शेंगा चोरताना मी एकदा थेट काकांच्या बंबावर पडलो होतो. बंब चेपला. आंघोळीचं पाणी तापवताना काका रोज त्या खड्ड्याकडं बघत, आणि मग भिंतीकडं.

पण गरजवंत मी! गेलो. मारिसेलला पुढं केलं. काका ओट्यावर काठी आडवी धरून बसले होते, कोणी जवळ आलं की काठीनं अंतर मोजायचे. मारिसेलच्या देशात मोठ्यांचा हात धरून आपल्या कपाळाला टेकवायची रीत आहे. ती सरळ पुढं गेली, हाताला सॅनिटायझर चोळलं, वाकली आणि काकांचा हात कपाळाला लावला.

काकांची काठी खाली पडली. त्यांना तीन मुलगे, तिघंही बाहेरगावी, आणि मुलीची हौस जन्मभर राहून गेलेली. तरी ते माझ्याकडं बघून गुरगुरलेच, "दोनचार दिवस ठेवीन. बस."

दोनचार दिवस? मग इथंच माझी अक्कल चालली. मी तिच्या वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. ते बिचारे तिकडून इंग्रजीत म्हणाले, "माझ्या मुलीला आसरा दिला, तुमचे आभार." एवढंच. पण एवढ्यावर काका विरघळणार नाहीत असं मला वाटलं. म्हणून भाषांतर करताना मी थोडं तूप ओतलं.

"काका, ते म्हणतात, माझी लेक आजपासून तुमची लेक. तुम्हीच तिचे बाप. तिचं बरंवाईट आता तुम्हीच पाहायचं."

काका उभे राहिले. डोक्यावरची टोपी सारखी केली. डोळे पाणावलेले.

"सांग त्यायले. शब्द देला म्हणा. आता कायजी करू नका."

काय मस्त काम केलं मी! घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

महिनाभर छान गेला. मारिसेल शेण सोडून सगळं शिकली. दुबईतली तिची मोडकी हिंदी गेली आणि काकांची वऱ्हाडी आली. एकदा तिला भेटायला गेलो तर दारातूनच म्हणते, "काऊन आला बे?" काकूंनी पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, शिकू द्या, शिकू द्या.

पुढं पन्नास माणसांत लग्नाला परवानगी मिळाली. मी नाचतच काकांकडं गेलो. "काका, ज्येष्ठात उरकून टाकू. कन्यादान तुम्ही करा."

काकांनी चष्म्यातून माझ्याकडं पाहिलं. "उरकून टाकू? पोरगी द्याची म्हटल्यावर पोरगा पाहा लागते."

"कोणता पोरगा?"

"तूच. रविवारी ये. तुह्या बापाले घेऊन ये. रीतीनं."

मला वाटलं थट्टा करतात. थट्टा नव्हती! रविवारी नाना इस्त्रीचं धोतर नेसून, दातओठ खात, इतक्या वर्षांनी त्या अंगणात आले आणि मुद्दाम शेवग्याकडं पाठ करून बसले. काकूंनी पोहे दिले. मारिसेल साडीत, काकांच्या शेजारी. आणि काकांनी मला बाजेवर बसवून तपासणी सुरू केली.

"नाव?"

"काका, बारशाला तुम्ही होतात."

"इचारलं तेवढं सांग. काम काय करता?"

"कंपनी सध्या बंद आहे."

"म्हणजे घरी बसून हाय. नववीत किती खेपा केल्या?"

आता बघा, लोकांचे सासरे मुलाची चौकशी करतात. कोणाला तरी विचारतात, थोडं खरं कळतं, थोडं झाकलं जातं. माझ्या सासऱ्याला चौकशीची गरजच नव्हती! नववीतली नापासी, चालवून विहिरीत घातलेली सायकल, सगळं त्यांनी भिंतीवरून उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं. शेवटी त्यांनी काकूंना हाक मारली आणि आतून तो चेपलेला बंब मागवला. पुरावा म्हणून!

मारिसेलनं खड्ड्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडं पाहिलं.

"पोरी," काका गंभीरपणे म्हणाले, "मी ह्या पोट्ट्याले लहानपणापासून ओळखतो. तुह्या बापानं माह्यावर जिम्मा टाकला हाय. इचार कर."

ती म्हणाली, "हाव बाबा. इचार करते."

माझ्या हातातला पोह्याचा चमचा तिथंच राहिला. विचार करते? समुद्र ओलांडून आलेली बाई एका बंबापायी विचार करते? मी डोळ्यांनी खुणा केल्या, तिनं मान फिरवली. खरं सांगतो, त्या रात्री मला झोप लागली नाही. गंमत चालली असेल, पण ती 'नाही' म्हणाली तर? विमानं आज ना उद्या सुरू होणारच होती. भीती वाटली हो, चांगलीच वाटली.

सकाळी काकांचा निरोप आला. पोरगी एकदम नाही म्हणत नाही, पोरगा आधी वावरात दिसला पाहिजे. मग काय! पेरणीच्या आधी वावर साफ करायचं असतं, जुन्या पिकाची धसकटं वेचायची असतात. टोपी घालून मी काकांच्या वावरात वाकलो, ते रोजच. हाताला फोड आले. मारिसेल दुपारी भाकरी आणि ठेचा घेऊन यायची, काकांना वाढायची आणि मला विचारायची, "त्या कोपऱ्यातलं राह्यलं नं?"

एके दिवशी नाना बांधावर उभे राहून बघत होते. आमचं वावर शेजारीच.

"बापाच्या वावरात आजवर वाकला नाही कधी," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. ते मला फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी आमची धसकटं वेचायला लागलो.

असो! मुलगा पसंत झाला. लग्न लागलं काकांच्याच अंगणात, शेवग्याखाली. माझ्या घरापासून मांडव हाकेच्या अंतरावर, पण काका म्हणाले, वरात रीतीनं आली पाहिजे. म्हणून मास्क लावून, घोड्यावर बसून, मी मारुतीला वळसा घालून पुन्हा स्वतःच्याच घरावरून पुढं गेलो. तिचे आईवडील मोबाईलवर होते. मोबाईल शेवग्याच्या फांदीला बांधला होता. तिची आई मेणबत्ती लावून तिकडं रडत होती, काकू इकडं रडत होत्या. मीही थोडा रडलो, मास्कमुळे कळलं नाही. पुढं गुरुजींनी व्याह्यांच्या गळाभेटीला हाक दिली. कोरोनाचा एकही नियम न पाळणारे आमचे नाना चटकन मागं सरकले. "अंतर ठेवा! सरकारनं सांगतलं हाय!" काकांनी ऐकलं नाही. धरलंच त्यांना. नानांनी सोडवून घेतलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. मग वरण, बट्ट्या, वांग्याची भाजी, बुंदी! बुलढाण्याच्या कचेरीतलं सरकारी लग्न कागद आल्यावर पुढं झालं, ते वेगळं.

संपलं असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं.

हळद अजून उतरली नव्हती. सकाळी दामूकाका धुतलेली टोपी घालून दारात हजर. आणि भाषा बघा कशी बदलली! कालपर्यंतचा 'बे' गेला.

"राम राम जवाईबापू. लेकीले न्याले आलो."

"कुठं न्यायला?"

"माहेरी! आखाड लागून राह्यला. नवी नवरी पह्यल्या आखाडात सासरी राह्यते का कोठी?"

मी हसलो. कोणीच हसलं नाही. आईनं तर आतून पिशवी भरून आणली. "रीत हाय ते. जाय बाई, महिनाभर आराम कर."

"आई, अगं आपल्याच भिंतीपलीकडं..."

"मग बरं नाही का? येण्याजाण्याचा खर्च वाचला."

मारिसेल तर नवी साडी नेसून तयार! पिशवी उचलली, काकांचा हात धरला आणि निघाली. दुबईत लग्नाआधी मी तिला रोज समोरासमोर बघायचो. लग्न झालं आणि व्हिडिओ कॉलवर आलो! तिकडं तिचा आवाज फोनमधूनही यायचा आणि भिंतीवरूनही. एकदा राहवलं नाही, स्टुलावर चढून भिंतीवरून डोकं काढलं. समोर काका दात घासत उभे.

"जवाईबापू! आखाड हाय!"

उतरलो मुकाट्यानं.

आखाड संपला, ती आली. मग पंचमी आली. पहिली पंचमी माहेरी! मग राखी. काकांचे तिन्ही मुलगे आता मेव्हणे झाले होते, तेही मुद्दाम बाहेरगावाहून आले आणि मी लाडू घेऊन हात जोडत उभा. मानपान? विचारू नका. तिनं सारखा वळसा घालून येऊ-जाऊ नये, म्हणून भिंतीच्या विटा मीच काढल्या. म्हटलं, तेवढीच लवकर येईल. काकांनी तिथं सागाची चौकट बसवून दार केलं. कडी त्यांच्या बाजूनं!

आता दुबई सुटली, आम्ही दोघं खामगावला एसीचंच दुकान चालवतो आणि राहतो इथंच. भाजीत मीठ जास्त झालं असं मी म्हटलं, की दार वाजतं. बायको माहेरी. आमटी गरम असते तोवर ती रुसून परतही आलेली असते. आणि मी सायकल विहिरीत घातल्याची आठवण काकांनी तेवढ्यात ताजी केलेली असते.

परवा त्या मेहकरच्या मित्राचा फोन आला. "मजा हाय बे तुही! सासुरवाडीचा काही तरास नाही नं?"

मी फोन खांद्याशी धरला होता, कारण दोन्ही हात मोकळे नव्हते. मी शेवग्यावर होतो. त्याच फांदीवर! सासूबाईंना शेंगांची आमटी करायची होती, आणि जावयाशिवाय चढणार कोण? खाली मारिसेल पदर पसरून, शेजारी काका, आणि भिंतीच्या दारात नाना, आपल्या वाट्याच्या शेंगा मोजायला.

तेवढ्यात फांदी कडकड वाजली.

"अरे बंब उचला! बंब उचला आधी!" काका ओरडले. मी लोंबकळत राहिलो. काकांनी बंब सुरक्षित जागी ठेवला, मग वर माझ्याकडं पाहिलं आणि लेकीला म्हणाले, "म्या म्हटलं होतं नं पोरी तुले? इचार कर म्हणून?"

मारिसेलनं पदरातल्या शेंगा सारख्या केल्या.

"हाव नं बाबा," ती म्हणाली, "अजून करूनच राह्यली."