राधानगरीतल्या मुंग्या

कोल्हापुरातून निघताना सगळ्यात खूश मीच होते. गाडीमागे भाड्याचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरची अख्खी खोली: पलंग, पंखा, छोटा ओटा. गुडघेदुखीमुळे कुठेही न येणाऱ्या माझ्या सासूबाईसुद्धा त्या पलंगावर भाळल्या. कोपऱ्याकोपऱ्यांत लिंपलेला ताजा पांढरा लेप तेवढा मला खटकला. "नवाकोरा आहे, खोड काढू नकोस," सुधीर, माझा नवरा, म्हणाला.

राधानगरी जवळ आली तशी भातखाचरं तुडुंब दिसू लागली. पाऊस थांबायचं नाव घेईना. रस्त्याकडेच्या घरातल्या आक्काताईंनी अंगणात ट्रेलर लावू दिला, गोठ्यातल्या बोर्डावरून वीज दिली, वर म्हशीचं गरम दूधही आणलं. दूध पिताना माझ्या कपात छतातून थेंब पडला. मग उशीवर. मग पायाखालचा गालिचा पचपचायला लागला.

आक्काताईंनी दारातून नाक वाकडं केलं. "पावणं, कुठंतरी पाणी मुरतंय हितं."

सुधीर तडकला. "आम्ही काय लपवतोय तुमच्यापासून?"

"अवो, त्या भिंतीत! कुजका वास येतोय की!"

मी भिंत दाबली तर बोट आत गेलं. लाकूड कसलं, भिजलेला भुसा. तेवढ्यात पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "हाताला मुंग्या येतायत रे."

"सकाळची गोळी चुकली असेल," सुधीर म्हणाला.

गोळ्या गाडीत होत्या. त्या घेऊन आले, चिखलात उभी राहून दाराची कडी धरली, आणि असा झटका बसला की डबी उडून गेली. ओल तारांपर्यंत पोचली होती. ट्रेलरच्या अख्ख्या पत्र्यात वीज उतरली होती.

माझी किंकाळी ऐकून सासूबाई दारात आल्या. एक हात कडीवर, एक पाय बाहेर, खाली चिखल.

"आई, पाय टेकू नका!"

पावसात त्यांना ऐकूच गेलं नाही. पाऊल खाली येत होतं. सुधीरने आतून त्यांच्या कमरेला मिठी घातली आणि मागे ओढलं.

"बंद केलं बगा बटण! उतरा आता!" गोठ्यातल्या बोर्डाकडे धावलेल्या आक्काताई ओरडल्या. तरी बराच वेळ कुणी हललं नाही.

आक्काताईंच्या सोप्यात (पुढच्या खोलीत) वाकळ पांघरून बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मघापासून भिंतीला हात लागला की मुंग्या. मला वाटलं, वय झालं."

कोल्हापुरात ट्रेलर परत केला. मालक म्हणाला, "पावसात जरा गळतंयच की."

घरी आता सासूबाईंनी "मुंग्या आल्या" म्हटलं, की सुधीर गोळी शोधत नाही. आधी धावत जाऊन मेन स्विच बंद करतो.