मामाजींचा हात अन् ब्लँकेटची पट्टी

मैत्रिणींनो, आज मी फार वाईट वागली.

माह्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या, उजव्या हातात लकव्यापासून जोर नाही. आमच्या जिल्ह्याचे तुकडे झाले, नवऱ्याची बदली निर्मल या नव्या जिल्ह्यात झाली, अन् आदिलाबादच्या या थंडीत घरी मी अन् मामाजी, आमी दोघंच. हाताला व्यायाम म्हणून हँडल फिरवून विणायचं मशीन आणलं. पट्ट्या विणून त्या जोडून ब्लँकेट करायचं ठरलं. दोघंही नवशिके. दोन-चार फेऱ्यांतच त्यांचा हात गळून पडायचा.

सकाळी त्यांना हँडलपाशी बसवलं, "थांबू नका" म्हटलं अन् भाकरी टाकायला गेली. येऊन पाहते तर लोकर संपलेली, हँडल रिकामंच फिरून राह्यलं होतं, अन् धाग्याविना अख्खी पट्टी मशीनच्या सुयांवरून निसटून खाली पडली होती.

"दिसत नाही का तुमाले?" मी ओरडली.

"तूच तर म्हणली बाई, थांबू नका."

लोकरीचा दुसरा गुंडा जोडायचं मीच विसरली होती. अन् चार भाकरी होईपर्यंत तो हात एकटा फिरत होता, हे माह्या ध्यानात नंतर आलं.

संध्याकाळी पुन्हा लोकर चढवली. मामाजींनी हात गोधडीबाहेर काढलाच नाही. "नको, बिघडते," म्हणाले.

पट्टी उद्या पुन्हा विणता येईल. तो हात आता कोणत्या तोंडानं मागू?