गादीवर दोन काड्या

आमचे आबा जळगावच्या एका डाळ मिलमध्ये हमाल होते आणि आमच्या घरात डाळ शोधावी लागे. माय जी डाळ शिजवायची तिच्यात पातेल्याचा तळ दिसायचा, तळाला पडलेला पोचासुद्धा दिसायचा. मिलच्या भिंतीला लागून पत्र्याची एक खोली, तेच घर. दाराला पडदा बारदानाचा, अंथरूण बारदानाचं आणि माझं दप्तरही बारदानाचं. दप्तरावर निळ्या शाईत छापलेलं होतं, ‘तूर डाळ, ५० किलो’. वर्गातल्या मुली मला ‘पन्नास किलो’ म्हणायच्या. मी तेव्हा तीस किलोचीसुद्धा नव्हते.

पुढे धुळ्याला देवपुरात मामाकडे राहून मी बी.एस्सी. झाले. विषय फिजिक्स. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी आजही विचारल्याशिवाय सांगते. निकालाचे पेढे वाटताना मिलच्या मुनीमजींनी आबांना विचारलं, “फिजिक्स म्हणजे काय हो?”

आबा म्हणाले, “जे दिसस नही, त्यानं शिक्षण शे.”

“मग तुमच्या पगारावर शिकली म्हणा!” मुनीमजी म्हणाले आणि दोन पेढे उचलले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मिलच्या शेठनी मोबाईल घेतला. विटेएवढा जड, वर बोटभर अँटेना. पण मिल म्हणजे जाड भिंतींची, पत्र्याच्या छपराची अवाढव्य इमारत, आणि शेठची गादी नेमकी तिच्या पोटात, चारी बाजूंनी तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या. तिथे मोबाईलला रेंज नावालाही नाही. रेंज होती फक्त गच्चीवर, जिथे माय आणि मिलमधल्या बाया तूर वाळत घालायच्या. वर जायला उभा लोखंडी जिना. शेठचं वजन अडीच पोत्यांचं. ते एकदा तीन पायऱ्या चढले आणि उतरून पाणी प्याले.

म्हणून फोन घेऊन गच्चीवर जायचं काम आबांकडे आलं. फोन वाजला नाही तरी ते दिवसभर वर. वाजला की आबा कानाला लावणार, खाली अंगणात खुर्चीवर बसलेल्या शेठना ओरडून सांगणार, शेठ ओरडून उत्तर देणार.

“शेठ! इंदूरवाला म्हणस, भाव पडना!”

“अरे आबा, हळू!”

“हळू सांगं ते तुमले ऐकू कसं ई?”

अंगणात बाकावर दलाल बसलेले असायचे. त्यांना इंदूरचा भाव शेठच्या आधी कळायचा. तूर परतणाऱ्या बाया वरून सल्ला द्यायच्या, “आबा, दोन रुपया वाढाई सांगा!” एकदा आबांनी खरंच वाढवून सांगितले आणि इंदूरवाला कबूल झाला. त्या दिवशी शेठनी बायांना चहा पाजला.

आबा खूश होते. चाळीस वर्षं पाठीवर पोतं, आता कानाला मोबाईल. पण गच्चीवर सांडलेल्या तुरीच्या दाण्यांवरून पाय घसरला आणि गुडघा सुजला. ते हळद लावून, धोतराखाली फडकं बांधून, लंगडत चढत राहिले. शेठच्या ते लक्षात आलं. “आबा, सोमवारपासून चढायला दुसरा माणूस बघतो,” ते म्हणाले. दुसरा माणूस म्हणजे आबा घरी, आणि खोली मिलची.

मी सरळ गादीसमोर जाऊन उभी राहिले. “शेठ, माणूस वर पाठवण्यापेक्षा रेंज खाली आणू.”

“रेंज काय बादली आहे का, दोर लावून खाली सोडायला?” मुनीमजी म्हणाले.

“दोरच लावायचा आहे, मुनीमजी. तांब्याचा.”

शेठ हसले. “आण बेटा. सोमवारच्या आत आणलीस तर आबा वजनकाट्यावर बसतील. बसून काम.”

गच्चीवर एक अँटेना लावायची, तिची वायर भिंतीतल्या भोकातून खाली न्यायची आणि गादीच्या वर दुसरी अँटेना. वरची पकडेल, खालची सोडेल. एवढंच. टीव्हीच्या अँटेना बसवणाऱ्या दुकानात गेले. आमच्याकडे टीव्ही आले तेव्हापासून लोकांचा एक ठाम विश्वास होता, अँटेना जितकी मोठी तितकं घर मोठं. दुकानदाराने माझ्यापुढे बैलगाडीएवढी अँटेना टाकली.

“ही नको. हिच्या दांड्या वीतभराहूनही कमी करा.”

“ताई, त्यावर चिमणीसुद्धा बसणार नाही.”

“चिमणीला बोलायचं नाहीये, दादा. शेठना बोलायचंय.”

तो कापत होता आणि मान हलवत होता. मला मात्र खात्री होती. ही लहर आखूड, तिला दांडीही आखूड लागते. वहीत गणित तीनदा केलं होतं.

रविवारी सकाळी दोन्ही अँटेना बसवल्या. खाली सगळी मिल जमली. दलालसुद्धा आले, त्यांचा तर भावाचा प्रश्न होता. शेठनी फोन गादीवरच्या अँटेनाखाली धरला. रेंजची एकही काडी नाही. फोन हलवला, स्वतः हलले, मुनीमजींना बाजूला सरकवलं. काही नाही.

“पोरी,” मुनीमजी म्हणाले, “नक्की पास झालीस ना?”

आबा दाराशी उभे होते. त्यांनी गुडघ्यावरचं फडकं घट्ट केलं. ते बघून मी जिना चढले. गच्चीवर माय तूर परतत होती. मी वायर तपासली, जोड तपासला, सगळं बरोबर. मायने डोळ्यांवर हात धरून गावापलीकडच्या टॉवरकडे पाहिलं, मग माझ्या अँटेनाकडे.

“तठे टावरवर बठ्ठं उभं शे,” ती म्हणाली. “तुनं काब्र आडवं निजेल शे?”

मी थिजले. जन्मभर टीव्हीच्या अँटेना आडव्या दांड्यांच्या पाहिल्या होत्या, म्हणून माझाही हात आपोआप तसाच चालला होता. टॉवरची लहर उभी, माझ्या दांड्या आडव्या. कॉलेजात या एका गोष्टीवर मी आख्खं प्रॅक्टिकल केलं होतं, आणि आठवण करून दिली ती तूर परतणाऱ्या मायने.

वरची अँटेना फिरवून दांड्या उभ्या केल्या, धावत खाली येऊन खालचीही केली. शेठनी फोन धरला. एक काडी. मग दुसरी. अँटेनापासून हातभर लांब गेलं की गायब, म्हणून शेठ मान वाकडी करून भिंतीला चिकटून बसले आणि इंदूरला फोन लावला. लागला! आणि इतक्या महिन्यांच्या सवयीने त्यांनी भाव एवढ्या मोठ्यांदा सांगितला की अंगणातल्या बाकावरचे दलाल टाळ्या वाजवत उठले.

“शेठ, हळू!” आबा दारातून ओरडले.

सोमवारी सकाळी आबा वजनकाट्यावर बसले. खोली आमच्याकडेच राहिली, आणि आबा तो जिना पुन्हा कधी चढले नाहीत.